भोंग्यावर वाचलेला प्रोग्राम

आर्वी तालुक्यातल्या एका लहान उपबाजारात मी फाटकावर चिठ्ठ्या देत असे. लिहिण्याचा माझा सराव तेवढाच: शेतकऱ्याचे नाव, गाव, बैलबंडी की ट्रॅक्टर. त्यामुळे धनंजयबद्दल लिहिताना धास्ती वाटते. पण त्या सकाळी मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि दुसरे कोणी हे लिहील असे दिसत नाही.

धनंजय म्हणजे पुंडलिकरावांचा मुलगा. नव्वदच्या दशकात तो नागपूरला इंजिनियरिंग शिकत होता. सुट्टीत एसटीने यायचा तो फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात घालून, वाटेत धूळ लागू नये म्हणून. परत जाताना त्याची आई यशोदाबाई त्याच डब्यात चिवडा भरायची आणि फ्लॉप्या फडक्यात बांधून द्यायची. त्यावरून मायलेकांचे भांडण ठरलेले. पुढे पुण्याला नोकरी लागली. ती सोडून तो परत आला आणि बोरगाव मेघेत खोली घेऊन पोरांना कॉम्प्युटर शिकवू लागला. गावाला बोलायचे ते गाव बोलले.

फाटकावरच्या क्रमाचा प्रोग्राम त्याने तिथे बसून लिहिला. गाडी आली की चिठ्ठी छापायची आणि त्याच क्रमाने लिलाव लावायचा. बाहेरच्या माणसाला ही लहान गोष्ट वाटेल. पण आमच्याकडे व्यापारी मोजके. दुपारपर्यंत त्यांची गोदामे भरली की मागच्यांचे सोयाबीन आणखी एक रात्र उघड्यावर. त्यामुळे माझ्या हातच्या चिठ्ठ्यांवरून नेहमी कटकट व्हायची.

प्रोग्राम त्याने सगळाच्या सगळा, आतल्या ओळींसकट, इंटरनेटवर टाकला. ज्याला हवा त्याने घ्यावा, वाचावा, चूक दिसली तर सांगावी.

"फुकट?" मी विचारले.

"फुकटाचं काही नाही, अण्णाजी. उघडा आहे, हे महत्त्वाचं. तुमच्यावर लोक संशय घेतात, कारण तुमच्या मनात काय चाललं ते त्यांना दिसत नाही. याचं मन उघडं आहे."

मला ते जरा लागले, पण खोटे नव्हते. पुढे आंध्रातल्या कुठल्याशा मिरचीबाजारातल्या माणसाने तो घेतला, त्यात तेलुगू अक्षरे बसवली आणि धनंजयची एक चूकही दुरुस्त करून पाठवली. धनंजय पेढे घेऊन फाटकावर आला. ज्याचे तोंड पाहिले नाही असा माणूस आपली चूक दुरुस्त करतो, याचे त्याला फार अप्रूप.

दोन हजार सहा साली दिवाळी तोंडावर आली आणि हंगामाचा पहिला मोठा बाजार भरला. प्रोग्राम आमच्या फाटकावर त्याच हंगामात बसला होता. मोठ्या बाजाराआधी गाड्या थोड्या, त्याही सकाळी येणाऱ्या. सगळे सुरळीत चालले होते. या बाजाराला मात्र आदल्या संध्याकाळपासूनच रांग लागली. सकाळी लिलावाचा क्रम भोंग्यावर पुकारायचा होता. मी पहिले नाव वाचले आणि थांबलो. पहिली बंडी पुंडलिकरावांची होती. संध्याकाळपासून मुक्कामाला असलेले सगळे शेवटी गेले होते.

मग पुंडलिकरावांच्याच गावचा गुलाब चिठ्ठ्यांच्या खिडकीशी आला. तो सगळ्यांच्या आधी आलेला.

"वा रे इंजिनियर! बापाची बंडी पयली अन् आमी मांगं? याच्यासाठी फुकट देऊन राह्यला होता का मशीन?"

मागून कोणी ओरडले, "फोडा थे डबडं!" लोक इतके दाटले की खिडकीचे गज हलू लागले. धनंजय पडद्याकडे पाहत होता.

बाजार समितीचे सचिव ओमप्रकाशजी आतल्या दाराने आले आणि दार लावून घेतले. "सुन भाऊ, सांगून टाक, रात को लाइट गेली होती, मशीन बिघडली. लोडशेडिंग चालू आहे, कौन पूछेगा? अण्णाजी हाताने क्रम लावतील. बात खतम."

खरे सांगायचे तर मला ते पटले. मी मान हलवलीसुद्धा.

"लाइट गेली नव्हती," धनंजय म्हणाला. "आणि प्रोग्राम उघडा आहे. कोणी वाचला तर कळेल."

ओमप्रकाशजी हसले. "यहाँ कौन पढ़नेवाला है?"

बाहेर गजांवर कोणी काठी मारत होते. मला वाटले, हा आता लाइटचे सांगणार. पण त्याने माझ्या हातातला माइक घेतला.

"मंडळी, चूक झाली हाये. कुठं झाली ते मले बी माहीत नाई. मशीनले म्या जे जे सांगितलं ते सगळं वाचून दाखवतो. तुम्हीच आयका."

पुण्याहून आल्यापासून तो माझ्याशी पुस्तकी बोलायचा. त्या दिवशी एकेक ओळ आमच्या बोलीत सांगू लागला. "गाडी फाटकात आली का तिची वेळ लिहून घे."

"बरं, मंग?" गर्दीतून आवाज.

"त्या दिवसाची शेवटची चिठ्ठी कोणती ते पाह्य. तिच्यात एक मिळव."

"हे तं अण्णाजी बी करत होते, मशीन कायले पाह्यजे?" कोणी हसले. बाकीचे हसले नाहीत.

"नवा दिवस लागला का पुन्हा एकापासून सुरू कर. सकाळी आजच्या चिठ्ठ्या आधी लाव. काल भाव नाई पटला म्हणून उरल्या असन तं त्याच्यामांगं."

"थांब," गुलाब म्हणाला. "नवा दिवस कवा लागते तुह्या मशीनचा?"

"बाराले."

"रातच्या?"

"हो."

"रातच्या बाराले कोणता सूर्य निंघते बे? आमी इथंच बसून भाकर खाल्ली, बैलाले चारा टाकला, अन् तुह्या मशीननं आमाले शिळं करून टाकलं?"

धनंजयचा हात खाली आला. चूक सापडली होती. फाटकावरचा माझा दिवस लिलावापासून लिलावापर्यंत असे. रात्री आलेली गाडी उद्याचीच. प्रोग्राम लिहिण्याआधी त्याने मला किती गोष्टी विचारल्या होत्या. ही विचारली नाही, आणि मलाही सुचली नाही. मध्यरात्री दिवस बदलत नाही, हे कोण कोणाला सांगतो?

पण गुलाबचे संपले नव्हते. "अन् तुह्या बापाची बंडी कवा आली?"

ओमप्रकाशजींनी माझ्याकडे पाहिले. धनंजयने माइक पुन्हा तोंडाशी नेला. "बारानंतर. बारानंतरची पयली."

पुंडलिकराव बंडीजवळ उभे होते. ते माणसे सारत पुढे आले. मला वाटले, आता हातघाई होणार.

"गुलाब, मले कवा यायचं होतं, तुले माहीत नाई?" ते म्हणाले. "नाल्यापाशी आसाची खीळ मोडली माह्या बंडीची. दिवस बुडत होता. तू बाजूनं गेला. म्या आवाज देल्ला. थांबला नाई लेका! थांबला असता तं तुह्यासंगंच आलो असतो, अन् आज दोघंबी मांगंच असतो."

गुलाब खाली पाहू लागला. "मले वाटलं, तू पानी पाजून राह्यला बैलाले."

"हो, चाक काढून पानी पाजत होतो!"

तेव्हा लोक हसले. गजांवरचे हात सुटले. पुंडलिकराव बैलांचे तोंड फिरवून बंडी मागे नेऊ लागले आणि खिडकीकडे पाहत म्हणाले, "इंजिनियर केला याले, अन् पयलं काम बापाले मांगं धाडलं!"

धनंजय हसला नाही. तो खुर्चीवर बसला आणि ती ओळ पडद्यावर पुन्हा वाचू लागला. मी जुन्या पद्धतीने चिठ्ठ्या लावल्या. पुंडलिकरावांचा माल त्या दिवशी विकला गेला नाही. बापलेक ती रात्र बंडीखाली झोपले.

त्या हंगामापुरता समितीने प्रोग्राम बंद ठेवला. धनंजयने मात्र चूक दुरुस्त करून तो पुन्हा इंटरनेटवर टाकला. आता दिवस घड्याळाने नाही, लिलावाची घंटा वाजल्यावर बदलतो. चूक कोणी दाखवली, तिथे गुलाबचे नाव आणि गाव आहे. मिरचीबाजारातल्या त्या माणसाने कळवले की हीच चूक त्यांच्याकडेही होती. तिथे शिव्या फाटकावरचा माणूस खात होता.

पुढच्या वर्षी गुलाबच सचिवांकडे गेला. मशीन लावा म्हणाला, पण आधी वाचून दाखवा. तेव्हापासून हंगामाच्या पहिल्या बाजाराला धनंजय बोरगावहून येतो आणि लिलावाआधी सगळा प्रोग्राम भोंग्यावर वाचतो. लोक मधेमधे अडवतात, टिंगल करतात. गुलाब खिडकीशी उभा राहतो, आणि घंटेची ओळ आल्याशिवाय हलत नाही.