घागर भरलेली होती

आमचा बंब औशाकडच्या त्या गावात पोचला तेव्हा जाळ विझला होता. लोकांनी माती टाकून विझवला. घरातली म्हातारी मात्र गेली होती.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याचे पेढे वाटून झाले, पण पाणी काही आलं नाही. दुष्काळ असा, की आगीचा बंबही पिण्याचं पाणी वाटत फिरायचा. मी फायरमन, पण लोक मला टँकरवालाच म्हणायचे. निरोप आला तेव्हाही आम्ही पाणीच वाटत होतो.

म्हातारीची सून शेवंताबाई अंगणात बसली होती. मी आत जाऊन बघितलं. चुलीला खेटून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, रचलेल्या; आता त्यांचा कोळसा झालेला. ठिणगी तिथंच पडली होती. आणि शेजारी काठोकाठ भरलेली घागर! माझं डोकंच फिरलं.

बाहेर येऊन म्हणालो, "बाई, पाणी होतं की घरात! ओतलं का न्हाई?"

"गोणपाटानं झोडपलं, साहेब. वाटलं इझंल. गोणपाटच पेटलं. आत्याबाई एकटीला उचलंनात, मग शेजाऱ्यायला हाका माराय पळाले."

"अन् घागर?"

"आत्याबाईसाठी ठिवली व्हती. हिरीच्या तळाला बसून वाटीवाटीनं भरली. सांडायचं जिवावर आलं."

खाटेवरून उठता न येणारी म्हातारी भाजलीच नव्हती. धुरानं गेली. धूर आधी छताला भरतो, मग खाली उतरतो. बंद घरात माणसाला ओरडायलाही जमत नाही.

बायकांनी त्याच घागरीनं म्हातारीला शेवटची आंघोळ घातली. शेवंताबाईनं हंबरडा फोडला, "घ्या आत्याबाई, तुमचंच पानी हाय!" मला तिथं उभं राहवेना.

लातूरला परतल्यावर आमच्या बंबखान्याचे साहेब म्हणाले, "पाणी असून ओतलं नाही? काय अडाणी लोक!"

मी तडकलो. "साहेब, पाणी जपून वापरा, असं आपणच गावोगावच्या भिंतींवर रंगवलंय. तिनं जपलं."



आग म्हटली की पाणी, हे आम्हीच लोकांच्या डोक्यात भरवलेलं. त्यानंतर पाणी वाटायला गेलो, की मी बायकांना बजावायचो : तुराट्या चुलीपासून लांब रचा, अन् चुलीजवळ मातीचं टोपलं ठेवा. माती ओतताना कुणाचा हात आखडत नाही.