बारशाला कोण गेलं होतं?

मी विमानाचं वजन जुळवायचं काम केलेला माणूस आहे. प्रवासी, बॅगा, टपाल, इंधन... सगळं किलोत मांडून शीटवर सही केल्याशिवाय नागपूरहून आमचं विमान हलत नसे. सासूबाई जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात पाहिलेल्या अंगात येणाऱ्या बायांच्या गोष्टी सांगत, तेव्हा मी तोंडावर हसायचो. आता हसत नाही. कारण सांगतो, आणि त्यासोबत एक कबुलीही देतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. घर पांढुर्ण्याला, नोकरी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर. आठवड्यातून एक सुट्टी, तीही बहुतेक वेळा बुडायची. 'ड्यूटी लागली' एवढं कळवलं की घरचे कंपनीला शिव्या देत. खरं असं, की ड्यूटी लागायची नाही, मी मागून घ्यायचो. आमच्यात दोघांनी चिठ्ठीवर सह्या करून ड्यूटी बदलायची सोय होती, तिला 'म्युच्युअल' म्हणत. कोणाला सुट्टी हवी असली की मी हजर. मी जुळवलेलं विमान धावपट्टी सोडून वर उचललं जाताना पाहिलं, की जे समाधान मिळायचं, ते मला घरी मिळत नव्हतं. घरी असलो की दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहायचो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

मुलगी झाली, सौंसरला, सुमनच्या माहेरी. सुमन म्हणजे माझी बायको. बारशाची तारीख माझ्या सुट्टीच्या दिवशीच धरली. मी निघताना ती शांतपणे म्हणाली, "या टायमाले नाही आले ना, तं मी पांढुर्ण्याले येतच नाही. मी अन् पोरगी इथंच राहू."

ती असं कधी बोलत नसे. म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

आणि दोन दिवस आधी कळलं, की त्याच दिवशी आमच्याकडे प्रथमच मोठं विमान उतरणार आहे. ड्यूटी माझ्या जोडीच्या मेश्रामची होती. मी म्युच्युअलची चिठ्ठी पुढे केली.

तो म्हणाला, "अबे, पोरीचं बारसं हाय ना तुह्या? विमान काय, उद्या बी येते."

"बारसं पुढं ढकललं," मी सांगितलं. त्याने सही केली. घरी तार करायचाही मला धीर झाला नाही.

मोठं विमान आलं, मी शीट केली, बाराच्या सुमारास ते सुरेख उडालं. पण या वेळी समाधान काही येईना. काउंटरवर बसून मी बॅगेला बांधायचा एक कोरा टॅग घेतला आणि लाल पेन्सिलीने त्यावर 'रेवा' लिहिलं. मुलीसाठी मनात हेच नाव होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. सुमनच्या मामांनी पंचांगावरून 'सविता' ठरवलं होतं. टॅगचे दोन भाग असतात, दोन्हींवर एकच नंबर. प्रवाशाला देतात तो छोटा भाग सवयीने फाडून खिशात टाकला, मोठा भाग ड्रॉवरमध्ये. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होतो. हजेरीपटावर माझी सही आहे, म्युच्युअलच्या चिठ्ठीवर मेश्रामची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या नॅरोगेजने सौंसरला निघालो. छोटी गाडी रमतगमत चालत होती आणि मी माफीची वाक्यं पाठ करत होतो.

सासरे ओट्यावर संत्री निवडत होते. मला पाहून म्हणाले, "काय जावईबापू, काल गेले अन् आज परत? करमून नाही राहिलं काय?"

मला वाटलं, टोमणा आहे. आत गेलो तर माझी बहीण बेबी पाळण्याशी. "दादा, तू कानात सांगितलं तेच नाव ठेवलं बरं. पंचांगवाले मामाजी फुगून बसले, पण मी आत्या हावो ना. माह्यावालं चालते."

"कोणतं नाव?"

"घ्या. रेवा."

मी सुमनकडे पाहिलं. ती हसत होती. म्हणाली, "तुम्ही पाळणा म्हणाले, तं साऱ्या बायका पदर तोंडात घालून हसून राहिल्या होत्या. किती बेसूर बापा... अन् भांडी कशाले घासायची होती जावयानं? आई लाजून मेली."

पाळण्याच्या दांडीला सुतळीने एक टॅग बांधलेला होता. लाल पेन्सिलीतलं 'रेवा'. अक्षर माझं. खिशातला तुकडा काढून नंबर पडताळला. तोच. नागपूरला परतल्यावर ड्रॉवर उपसला. मोठा भाग नव्हता.

खरं बोलायची वेळ तीच होती. सुमनने विचारलं, "बरं वाटलं ना घरी?" आणि मी "हो" म्हणालो. दुसऱ्याच्या... म्हणजे माझ्याच, पण दुसऱ्याच्या कष्टाचं श्रेय खाल्लं. ते एवढी वर्षं पोटात आहे.

त्यानंतर मी एकही म्युच्युअल केलं नाही. शहाणपण आलं असं समजू नका. भीती ही, की मी नाही गेलो तर तो जाईल. दर सुट्टीला गाडीने नरखेड सोडलं की मी सामान घेऊन दाराशी उभा, जणू पांढुर्ण्याला कोणी आधी उतरणार आहे. घरी पोचताच भांडी घासायला घ्यायचो, पाळणाही म्हणायचो. नोकरीवरचं प्रेम कमी झालं नाही, फक्त विमानं माझ्या सहीवाचूनही उडतात हे कळलं.

गेल्या महिन्यात रेवाच्या मुलीचं बारसं झालं. पाळणा बांधताना मी सुमनला सारं सांगून टाकलं. ती दोरीची गाठ आवळत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "त्यानं दिवसभरात एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं."

"मग बोलली काहून नाही?"

"चांगला होता तो. म्हटलं, पुन्हा आला तं येऊ दे."

तो टॅग आणि त्याचा तुकडा दोन्ही आज माझ्या कपाटात आहेत. कितीदा तरी जुळवून पाहिले. नंबर जुळतो, बाकी काहीच जुळत नाही.