घंटेच्या दोरीसाठी काटोलची खाजोटी

काटोलला लोक संत्र्यांसाठी जातात. डिसेंबरातल्या एका रविवारी मी खाजोटीसाठी गेलो. अंगाला लागली की आगीसारखी डसणारी, माणसाच्या उंचीची ही रानवनस्पती.

आमचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. मी नागपूरच्या महाल भागात राहतो, कचेरीत कारकून आहे. माग माझ्या मोठ्या बाबांपाशी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावापाशी, थांबला. एक काम मात्र त्यांनी सोडलं नाही: उमरेडच्या गल्लीतल्या देवीच्या घंटेला दर चैत्रात नवी दोरी वळणं. ती खाजोटीच्या सालीची असते, हे मला माहीतच नव्हतं. मी जन्मभर तिला अंबाडीची समजलो.

आता त्यांचे हात कापतात. दिवाळीनंतर म्हणाले, "या खेपेले तूच वळ गा. मी जिता आहो तवर शिकून घे. देवळामागून खाजोटी कापून आण."

देवळामागची ती झुडपं पावसाळ्यात मीच मुळासकट उपटली होती. लेकरांना डसू नयेत म्हणून, देवीची सेवा म्हणून. तोंडातून फक्त "आणतो" एवढंच निघालं.

नागपूरला जरीपटक्यातल्या एका रोपवाटिकेत विचारलं. मालकाने नाजूक, बारीक पानांची कुंडी पुढे केली. "ये पिलिया नाम का शो का पौधा है, उसी खानदान का. काटता नहीं."

"मले डसणारंच पाहिजे."

"डसनेवाला कौन बेचेगा, भाईसाब?"

शेवटी कचेरीतल्या काटोलच्या सहकाऱ्याने नाल्याकाठच्या एका बागेचं नाव सांगितलं. नागपूरहून एसटीने दीड-दोन तास लागतात. सकाळची गाडी धरा, म्हणजे फळबाजाराची गर्दी चुकते. स्थानकाजवळ तर्री-पोहे खाल्ले, पुढे ऑटो केला. शेवटचा रस्ता मातीचा, तो पायीच बरा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. मी घातला होता, पण बाही दुमडायची सवय नडली.

बागेत तोडणी चालू होती. राखणीला सत्तरीची एक मावशी. तिच्या मागे, नाल्याच्या सावलीत, खाजोटीची दाट रांग उभी होती.

"म्याच राखली ते," ती म्हणाली. "कुत्र्यापरीस बरी. भुकत नाही, भाकर मांगत नाही. संत्राचोर एकदाच येते, मंग येत नाही."

मी कशासाठी आलो ते सांगितलं. उपटल्याचंही सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं.

ती हसली नाही. "देवीच्या दारची राखणदारीण काढली तू? आता उपटू नोको. बुडाशी वीतभर सोडून काप. अन् आधी बी झाडून घे."

कापताना मनगटाला पान लागलं. डोळ्यांत पाणी आलं. तिने चुलीतली राख चोळली. आग काही कमी झाली नाही, पण बरं वाटलं. कापलेल्या देठांची मोळी आणि कागदात बांधलेलं बी घेऊन परतलो. पैसे तिने घेतले नाहीत, देवीला नारळ तेवढा सांगितला.

पुढच्या रविवारी उमरेडला मोळी मोठ्या बाबांपुढे ठेवली आणि म्हणालो, "हे देवळामागचं नाही. तिथलं मीच उपटलं."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "पावसाळ्यात जेवाले बसला होता, तवा हातभर फोड होते तुया."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू सांगशील म्हून." मग देठांकडे बोट केलं. "भिजव आता."

साल भिजवायची, सोलायची, बडवायची, मग मांडीवर पीळ द्यायचा. चार रविवार गेले. दरवेळी माझा पीळ सुटे आणि ते कापत्या बोटांनी माझा अंगठा धरून पुन्हा जागेवर ठेवत. बरीच साल माझ्या हातून वाया गेली. दोरी नेहमीच्या निम्मीच झाली.

"चालते," ते म्हणाले. "लोकायले हात उंच करा लागन, एवढंच."

चैत्रात ती बांधली. बी देवळामागे टाकून भोवती काट्या रोवल्या आहेत. उगवेल की नाही, पावसाळा सांगेल.

महालातल्या आमच्या देवघरात घंटा पाटावरच असते. तरी हल्ली दिवा लावल्यावर माझा हात आधी वर जातो, आणि मग खाली येतो.