आबांच्या कानाएवढे स्टँड

घशाच्या ऑपरेशननंतर आबांचा आवाज गेला, उरली ती घोगरी कुजबुज. माझे वडील जन्मभर मेंढरांमागं फिरले आणि देवाच्या ओव्या म्हणत आले. आता त्यांना त्यांच्या पुतण्याला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, एक ओवी शिकवायची होती, पण तिच्यातली एक ओळ काही केल्या आठवेना. जत्रेत त्यांनी ती म्हटली तेव्हाचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर होतं. मोबाइलवर मात्र ढोलच ऐकू यायचा, शब्द दबून जायचे.

म्हणून मी दोन स्पीकर घेतले. घरातला पहिला पदवीधर मीच. काहीही करायचं तर आधी वाचायचं, ही सवय. स्पीकर कानाच्या उंचीवर हवेत, असं वाचलं. सोफ्यावर बसून जमिनीपासून कानापर्यंत टेप धरला आणि बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या वेल्डरकडून लोखंडी स्टँड करून घेतले. तळ जड, खाली रबर.

आबा आईला घेऊन बीडला माझ्याकडं आले. खांद्यावरचं घोंगडं जमिनीवर अंथरून, पाय लांब करून भिंतीला टेकले. मी रेकॉर्डिंग लावलं.

"आवाज डोक्यावरनं चाललाय, लेका."

मी माझा कान मोजला होता.

"आबा, सोफ्यावर बसा ना."

"देवाची ओवी सोफ्यावर बसून ऐकतेत व्हय?"

"बसा की," आई आतून म्हणाली, "सोफा काय चावतोय का?"

ते बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी स्टँडचे पाय कापून आणले. आता स्पीकर बरोबर आबांच्या कानाशी आले. तर त्यांनी झटकन पाय आखडले. "इतकं खाली? देवाला पायापाशी ठेवलंस की."

पुन्हा वेल्डरकडं जायची हिंमत नव्हती. आबा मात्र उठले, घोंगडं उचललं आणि म्हणाले, "धर ते स्टँड वर." स्टँडखाली त्यांनी घोंगडं नीट पसरलं. आमच्यात देव घोंगड्यावर बसतो. मग स्वतः उघड्या फरशीवर मांडी घालून बसले.

"लाव आता."

खोलीत त्यांचाच जुना, मोकळा आवाज भरला. आबांचे ओठ हलू लागले. मध्येच त्यांनी हात वर केला. "मागं घे." मी घेतलं. "आणखी एकदा." आणि मग ती ओळ त्यांनी घोगऱ्या आवाजात सबंध म्हटली.

"घावली!"

लगेच पुतण्याला फोन लावला, पण आबांची कुजबुज त्याला कळेना. मग ते सांगत गेले आणि मी फोनवर म्हणत गेलो. मेंढरं विकून त्यांनी मला वसतिगृहात ठेवलं होतं. ओव्या शिकण्याच्या वयात मी घरी नव्हतोच.

"तसं न्हाई," आबा म्हणाले. "शेवट लांबव जरा."

पलीकडून पुतण्या हसला, "दादा, तुमी म्हणताव व्हय?"

"हसू नको," मी म्हणालो, आणि शेवट लांबवला.