बनुबाईनं शब्द मागं घेतला

इस्लामपूरजवळच्या त्या गावात बनुबाईची पिठाची गिरण होती, आणि गिरणीच्या घरघरीवर चढणारा बनुबाईचा आवाज. नवरा गेल्यावर तिनं धंदा एकटीनं सांभाळला. पट्टा निसटला तर पदर खोचून स्वतः चढवायची. रविवारी गिरण बंद ठेवून ती चर्चला जायची आणि गीत इतकं खणखणीत म्हणायची, की पेटीवाला निमूट तिचा सूर धरायचा. ख्रिस्ती वस्ती लहान, पण सगळं गाव तिला मावशी म्हणायचं.

याच तोंडानं तिनं एकदा एक घर मोडलं होतं.

वस्तीतल्या भाऊसोंच्या लेकीला, राणीला, मिरजेचं चांगलं स्थळ आलं होतं. तेच स्थळ बनुबाईला आपल्या भाचीसाठी हवं होतं. तिला ते बघवलं नाही. दळणाला आलेल्या बायकांत ती बोलून गेली, "राणीला मी सांगलीत लॉजमधनं भाईर पडताना बघितली. संगं कोण हुता, द्येवाला ठावं." बघितलं काहीच नव्हतं. पण पिठाच्या डब्याबरोबर ती गोष्ट घरोघर गेली आणि मिरजेपर्यंत पोचली. लग्न मोडलं. राणी नर्सिंग शिकायला पुण्याला गेली ती गेलीच. भाऊसो मान खाली घालून हिंडायचे. पुढं चर्चला यायचे बंद झाले, आणि तसेच वारले. आग कुणी लावली, हे त्या घराला कधी कळलं नाही.

भाचीचंही तिथं जमलं नाहीच. बनुबाईचा आवाज मात्र तसाच चढा राहिला. फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी, जेव्हा मन साफ करून येशूच्या आठवणीची भाकर घ्यायची असते, काहीतरी निमित्त काढून ती घरी थांबायची. कधी गुडघा, कधी पाहुणे.

यंदा दिवाळीनंतर राणी गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून आली. लग्न केलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात गव्हाचा डबा घेऊन ती गिरणीत आली आणि हसून वस्तीतल्या रीतीनं म्हणाली, "सलाम, मावशी. बरं आहे ना? बीपी बघून घ्या कधीतरी, मी आहे आता."

बनुबाईनं गहू दळायला घेतले. दळण देऊन तिनं गिरण बंद केली आणि तडक चर्चच्या पास्टर शांतवनांचं घर गाठलं. सगळं सांगून टाकलं. रडली नाही, पण पदराच्या टोकाची पिळून पिळून दोरी झाली.

"पास्टर, माझ्यासारखीला द्येव माफ करंल?"

"मावशी, तुमच्या या पापासाठीच तो क्रूसावर गेला. खऱ्या मनानं मागितलीत, माफी मिळाली. त्यात शंका धरू नका."

"मग ह्ये छातीवरचं का उतरत न्हाई?"

"कारण देवाला सांगितलंत, पण खोटं अजून गावात फिरतंय."

तिनं पिळलेला पदर सोडला. मग उठली. "खरं हाय. माफी मिळाली म्हंजे भ्यायचं कारण संपलं. आता लाजून कुणापासनं लपू?"

आधी ती राणीकडं गेली. उंबऱ्यावरच उभं राहून म्हणाली, "तुजं लगीन मी मोडलं. लॉजचं मी रचलं हुतं. तुजा बाप माज्यामुळं खाली मान घालून गेला."

राणी उंबऱ्यापर्यंत आली. म्हणाली, "देवानं तुम्हाला माफ केलं असेल, मावशी. मी नाही केलं. जा तुम्ही."

"जाते. तुज्याकडं मागायला आले न्हाई, सांगायला आले."

रविवारी उपासना संपता संपता ती मंडळीसमोर उभी राहिली आणि तेच बोलली, एक शब्द न गाळता. सोमवारपासनं गावात निघाली. जिथं जिथं दळण जायचं, त्या दारात उभी राहायची: "राणीबद्दल मी बोललेलं खोटं हुतं." कुणी तोंडावर हसलं, कुणी दळण दुसऱ्या गिरणीत न्यायला लागलं. शेजारची शालनकाकू म्हणाली, "आवं बनुबाई, मढी कशाला उकरताय? लोक थुकतील तुमच्यावर."

"थुकू द्यात. तवा दारोदार मीच पेरलं, आता मीच उपटते. वरचा मला टाकत न्हाई, एवढं पक्कं हाय."

पुढच्या प्रभुभोजनाला ती पहिल्या बाकावर होती. भाकर तिनं दोन्ही हात पुढं करून घेतली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी राणी गिरणीच्या दारात आली. आत आली नाही. "बाबांच्या कबरीला चुना लावायचाय. एकटीनं होणार नाही."

बनुबाईनं गिरण थांबवली. दोघी कब्रस्तानात गेल्या, गवत उपटलं, चुना कालवला. भाऊसोंच्या नावावरनं कुंचला फिरवताना बनुबाईचे डोळे भरून वाहू लागले. तिनं ते पुसले नाहीत.

राणी म्हणाली, "माफ केलं, असं मी म्हणत नाही हं, मावशी."

"नगं म्हनू. तुज्या सवडीनं म्हन, न्हाईतर नगंच म्हनू. ती बादली जरा हिकडं सरकव, पायथ्याची बाजू ऱ्हायलीय."

राणीनं बादली सरकवली आणि दुसरा कुंचला घेऊन ती पलीकडच्या बाजूला बसली.