लॅपटॉप आणि अंगणातली मिरची

कोणत्या कंपनीचा लॅपटॉप जास्त टिकतो, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुमच्या अंगणात मिरची वाळते का?

आमच्या नंदुरबारच्या घरी वाळते. सासूबाईंचा घरगुती मसाल्याचा धंदा. दिवाळी झाली की अंगणभर लाल पसारा, आणि दारालगतच्या खोलीत मी, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करत बसलेली.

पहिला लॅपटॉप नवऱ्याने हौसेने आणलेला. चंदेरी, वहीसारखा सडपातळ. दिसायला राजस, पण बिजागरी नाजूक, आणि काही बिघडलं की पाठवा सुरतेला. पहिल्याच हिवाळ्यात त्याचा पंखा घरघरला आणि बसला. दुसरा कंपनीने धाडला, काळा, जाडजूड. लेकीने तो पलंगावरून पाडला तरी हूं की चूं नाही. घ्यावा तर असाच, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. पण त्याच्या पोटाला ही मोठाली भोकं! संक्रांतीच्या आतच तो तापून बंद पडला. दुकानदाराने खालचं झाकण काढलं आणि आम्ही दोघंही शिंकत बाहेर पळालो. आत लाल भुकटीचा थर होता.

कंपनीने तिसरा दिला आणि बजावलं, आता हा बंद पडला तर घरून काम नाही, पुण्याला येऊन राहा. नोकरी मला सोडायची नव्हती. नवरा इथल्या शाळेत शिक्षक, म्हणजे लेकीला घेऊन मी एकटीने जायचं. माझी झोपच उडाली. नवरा मात्र रोज जेवताना तुलना मांडायचा, याची बॅटरी चिवट, त्याची बटणं झिजत नाहीत, अमक्याचं सगळं मजबूत पण दुरुस्ती महाग. एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, कुठलाही आणा, दोष अंगणाचा आहे. सासूबाई तिथेच भाकरी थापत होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच म्हणाल्या. मला ते फार लागलं. पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

मग एका सकाळी खिडकी उघडली तर अंगण रिकामं, झाडून लख्ख. दारात टेम्पो उभा आणि सासूबाई शेवटचं पोतं चढवून घेत होत्या. मिरची आता रनाळ्याला, त्यांच्या भावाच्या खळ्यात वाळणार होती. त्या रोज जाऊन-येऊन करणार होत्या, गुडघे दुखत असताना. मी तशीच धावत बाहेर गेले. म्हटलं, आई, हे कशाला? चांगल्यातला एखादा लॅपटॉप बघू की.

त्या ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या, पदर खोचला.

"लॅपटॉप बजारमा कितला बी भेटतीन," म्हणाल्या. "तू पुनाले निंघी गई ते मी कोनासंगे भांडू?"