क्यूबाचा कलगी-तुरा

बेलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो. बहात्तरच्या दुष्काळात ऊसच नव्हता, त्यामुळे गाळप लवकर आटोपलं आणि क्वार्टर्स ओस पडल्या. बायकामुलांवाले आपापल्या गावी गेले. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि जामखेडला जावं तर घरचे सगळे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मी राहिलो. फार एकटा होतो, हे आता सांगायला लाज वाटत नाही.

त्या काळात मला पत्र लिहिणारा एकच माणूस होता आणि तो राहायचा फ्लोरिडात. साखरधंद्याच्या एका इंग्रजी मासिकात रस निवळण्यावर त्याचं टिपण आलं होतं. मी एक शंका विचारली, तर चार पानी उत्तर. माणूस मूळचा क्यूबाचा. क्रांतीनंतर कारखाना सरकारजमा झाला आणि हा देश सोडून निघाला. धाकटा भाऊ तिकडेच राहिला, असं एकदा एका ओळीत लिहिलं होतं, पुढं काही नाही.

त्याच्या पत्रात दोन पानं रसाची आणि दोन गाण्याची असत. त्यांच्याकडचे शेतकरी गिटारीवर दहा ओळींचं कडवं जागच्या जागी रचतात, समोरचा तसंच उत्तर देतो. परागंदा मंडळी दर रविवारी जमून तेच गात. ‘जमीन त्यांनी घेतली, गाणं आम्ही बरोबर आणलं. तिकडे आता नुसत्या घोषणा उरल्यात,’ असं तो लिहायचा.

“सायेब, तुमच्या क्यूबावाल्याचं पाकीट आलंय,” आमचा लॅबचा शिपाई म्हणायचा. “तिकडं बी ऊसच लावत्यात व्हय?”

“हो. आणि गातातही.”

“मंग आपल्यावानीच हायेत की.”

मलाही तसंच वाटायचं. घोळ तिथंच झाला.

रेडिओवर परदेशी केंद्रं शोधायची आणि ‘ऐकू आलं’ असं त्यांना कळवायचं, हा माझा रिकामा उद्योग. केंद्रवाले उलट टपाली चित्राचं कार्ड पाठवत. एका सकाळी सहाला चक्क क्यूबाचं सरकारी केंद्र लागलं, आणि त्यावर गिटार! दोन पुरुष एकमेकांना उत्तरं देत होते. मी बोटांवर ओळी मोजल्या. बरोबर दहा. मी खाटेवरून उठून उभाच राहिलो.

यथावकाश कार्ड आलं. ते मी फ्लोरिडाला धाडायच्या पत्रात घातलं आणि वर शहाणपण पाजळलं: ‘तिकडे गाणं खुशाल आहे. आमच्याकडे शाहिरांत कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. माझे मामा कलगीवाले. रात्रभर गाण्यातून एकमेकांची सालटी काढतात आणि सकाळी एका पंगतीला पिठलं-भाकरी खातात. तुम्ही इकडच्या पक्षात, भाऊ तिकडच्या. गाणं तर एकच आहे. मिटवून टाका.’ हा मजकूर मला इतका आवडला की मी तो दोनदा पक्का लिहून काढला.

तीन महिने काही नाही. मग एकच कागद आला, सोबत माझं कार्ड परत. रसाबद्दल अक्षर नव्हतं. ‘माझा भाऊ कुठल्याही पक्षात नाही. तो तुरुंगात आहे, एका कडव्यापायी. दोन वर्षं त्याची खबर नाही.’

खाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं: ‘तुम्ही ऐकलेल्यांपैकी एक आवाज घोगरा होता का? शेवटच्या ओळीआधी तो जरा थांबतो. सुटला असेल तर गायल्याशिवाय राहणार नाही.’

मी वही काढली. वेळ, मीटर, खरखर किती, सगळं टिपलेलं. आवाज कसा होता, ते कुठंच नाही. मी ओळी मोजत बसलो होतो. पुढं महिनाभर रोज सहाला रेडिओला कान लावला. भाषणं आली, एकदा बायकांचं समूहगान आलं. ते दोघं पुन्हा आले नाहीत. काय उत्तर लिहावं हे विचारावं, असं आसपास कोणी नव्हतं. मला रडू आलं.

शेवटी लिहिलं, ‘आठवत नाही. माफ करा.’

त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. पुढच्या हंगामात क्वार्टर्स पुन्हा भरल्या, माझंही लग्न झालं. ‘हो, घोगरा होता,’ एवढं लिहायला माझं काय जात होतं? खरं बोलल्याचं समाधान मला एक दिवसही लाभलं नाही.